दोन रंगांचा फोटो आणि हरवलेला चष्मा

वाचक विचारतात

फोटोला दोन रंगांत आणण्याविषयी या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडलं आहे, म्हणून पहिल्या पत्राला ऐसपैस उत्तर देते. बाकीची त्यामानाने आटोपशीर.

प्रश्न : ताई, आमच्या गाण्याच्या बाई निवृत्त होत आहेत. त्यांच्या फोटोचं गडद निळ्या आणि पिवळ्या अशा दोनच रंगांत मोठं पोस्टर करायचं आहे. फोटोशॉपमध्ये थ्रेशोल्ड लावला तर अर्धा चेहरा काळाठिक्कर झाला आणि चष्मा गायब! स्लायडर दुसऱ्या बाजूला नेला तर चष्मा परत आला, पण नाक आणि हनुवटी पांढऱ्यात विरघळली. मधली जागा सापडतच नाही. फोटो चांगला आहे, खिडकीजवळ काढलेला. काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. तुम्ही शोधताय ती मधली जागा त्या फोटोत मुळात नाहीच. थ्रेशोल्ड काय करतो ते बघा. प्रत्येक पिक्सेलचा उजळपणा ० ते २५५ या मापात मोजतो, तुम्ही दिलेल्या आकड्याच्या खालचं सगळं काळं करतो, वरचं सगळं पांढरं. सुरुवातीला तो आकडा १२८ असतो. खिडकीकडच्या गालावर चष्म्याची काडी समजा ११० वर आहे आणि दुसऱ्या बाजूचा सावलीतला गालच ८० वर आहे. आता एकच आकडा दोन्ही बाजूंना न्याय कसा देणार? काडी काळी ठेवायची तर सावलीतला गाल काळा होणारच. म्हणून थ्रेशोल्ड ही शेवटची पायरी समजा. खरं काम त्याच्या आधी, फोटो राखाडी असताना करायचं असतं. दोन रंगांच्या चित्रात रंग सगळ्यांत शेवटी येतात, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. आणि तरीही सगळे आधी रंगच निवडून बसतात.

मूळ फोटोच्या लेयरला, म्हणजे थराला, हात लावू नका. त्याच्यावर ब्लॅक अँड व्हाइट नावाची ॲडजस्टमेंट लेयर (खालचा फोटो न बदलता फक्त त्याचं रूप बदलून दाखवणारा थर) घाला. तिथे लाल, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, मजेंटा असे सहा स्लायडर मिळतात. मूळ फोटोतला कुठला रंग राखाडीत किती उजळ उतरावा, हे त्यांवर ठरतं. माणसाची त्वचा, मग ती गोरी असो की सावळी, मुख्यतः लाल आणि पिवळ्याच्या हातात असते. लाल वाढवला की चेहरा उजळतो, सुरकुत्या आणि डाग मऊ होतात. पण ओठही लालच, त्यामुळे तेही उजळून त्वचेत मिसळतात आणि चेहऱ्याला तोंडच उरत नाही. यावर उपाय म्हणजे पिवळा वर न्यायचा आणि लाल थोडा खाली ठेवायचा. ओठ त्वचेपासून सुटे होताना तुम्हाला दिसतील. बाईंच्या अंगावर निळं वस्त्र असेल तर निळा स्लायडर खाली ओढा, म्हणजे खांद्यापासूनचा सगळा भाग एकसंध गडद होईल आणि चेहऱ्याला बैठक मिळेल.

आता सावलीची बाजू. ब्लॅक अँड व्हाइटच्या वर एक नवी लेयर घ्या, तिचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या लेयरशी मिसळण्याची पद्धत, ओव्हरले ठेवा आणि ती पन्नास टक्के राखाडीने भरा. नवी लेयर करताना जी चौकट उघडते तिच्यातच ही राखाडी भरण्याची सोय आहे. या राखाडीने चित्रावर काहीही परिणाम होत नाही. मग त्याच्याही वर थ्रेशोल्डची ॲडजस्टमेंट लेयर घाला आणि परत खाली राखाडी लेयरवर या. मऊ कडांचा मोठा ब्रश घ्या, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) दहा टक्क्यांच्या आसपास, रंग पांढरा. सावलीतल्या गालावरून हलक्या हाताने फिरवा. दर फटक्याला काळ्याची हद्द मागे सरकते, गाल मोकळा होतो आणि चष्म्याची काडी उघडी पडू लागते. एखादी जागा जास्त मोकळी झाली तर काळा रंग घेऊन त्याच ब्रशने परत झाका. मला या सगळ्या प्रकारातलं हे काम सर्वांत आवडतं. इथे तुम्ही प्रत्यक्ष चित्र काढत असता आणि हाताखाली खरा फोटो असल्यामुळे चेहरेपट्टी बिघडत नाही.

चष्म्यापाशी थोडं थांबा. पातळ धातूची काडी थ्रेशोल्डमध्ये तुटक येते, मधेच दोन ठिपके, मधेच काही नाही. तिथे ब्रश बारीक करा, काळा घ्या आणि राखाडी लेयरवर काडीच्या रेषेवरूनच फिरवा. वरची कड पूर्ण आली आणि खालची अर्धीच आली तरी चालतं, कारण पाहणाऱ्याचा डोळा उरलेली कड स्वतः पुरी करतो. काचेवरची चमक मात्र राखा. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपकाही राखा, कितीही लहान असला तरी. तो गेला की नजर गेली.

काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा नमुना हवा असेल तर क्रांतिकारक चे गेव्हाराचा तो सर्वपरिचित चेहरा आठवा. मूळ फोटो अल्बेर्तो कोर्दा यांनी ५ मार्च १९६० रोजी हवानात टिपला होता. १९६८ मध्ये आयर्लंडच्या जिम फिट्झपॅट्रिक यांनी त्यावरून लाल पार्श्वभूमीवर काळ्यात पोस्टर केलं, टोपीवरचा तारा तेवढा पिवळा. त्या चेहऱ्यात मधल्या छटा नाहीतच. केस, दाढी, भुवया, नाकाखालची सावली एवढ्यावर माणूस ओळखू येतो. बाईंच्या बाबतीतही असंच ठरवून घ्या. त्यांना कशावरून ओळखतात? चष्मा असेल, केसांची ठेवण असेल, हसताना गालावर पडणारी घडी असेल. तेवढं टिकवा आणि कानाची आतली वळणं, मानेवरच्या रेघा खुशाल जाऊ द्या.

कडांबद्दलही सांगते, कारण पुढचं पत्र त्याचंच येणार. थ्रेशोल्डच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या येतात. त्या टाळायला थ्रेशोल्डऐवजी लेव्हल्स (कुठल्या उजळपणापासून काळं आणि कुठून पांढरं हे ठरवण्याची सोय) वापरा आणि काळा व पांढरा हे दोन्ही टोकाचे स्लायडर एकमेकांच्या अगदी जवळ आणा, उदाहरणार्थ ११८ आणि १३२. चित्र जवळजवळ दोनच छटांचं होतं, पण कडेवर दोन-तीन राखाडी पिक्सेल उरतात आणि रेषा गुळगुळीत दिसते. कातडीवरचे बारीक ठिपके, केसांचा भुगा नको असेल तर मूळ फोटोच्या प्रतीवर आधी गॉशियन ब्लर, म्हणजे चित्र थोडं धूसर करणारा फिल्टर, द्या. तीन हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोला दोन-तीन पिक्सेलचा ब्लर पुष्कळ होतो. त्याहून जास्त दिलात तर कोपरे गोल होतात आणि चेहरा मेणाचा वाटू लागतो.

हे सगळं मनासारखं झालं की मगच सर्वांत वर ग्रेडियंट मॅप, म्हणजे उजळपणाप्रमाणे रंग देणारी लेयर, घाला. काळ्याच्या जागी गडद निळा, पांढऱ्याच्या जागी पिवळा. काम एवढंच उरतं.

प्रश्न : मला कडक दोन रंग नको आहेत, छटा असलेला परिणाम हवा आहे, ज्याला ड्युओटोन म्हणतात तो. ग्रेडियंट मॅपमध्ये निळा आणि पिवळा घेतला तर पहिल्यांदा चित्र निगेटिव्हसारखं आलं. ते उलटवल्यावर सगळ्या चेहऱ्याचा मातकट चिखल झाला. दोन्ही रंग सुंदर असताना असं का व्हावं?

उत्तर : निगेटिव्हचं कारण सोपं. ग्रेडियंटचं डावं टोक सावलीला लागतं, उजवं प्रकाशाला. डावीकडे पिवळा असेल तर केस पिवळे आणि कपाळ निळं होणारच. डावीकडे नेहमी गडद रंग ठेवा, किंवा तुम्ही केलंत तसं रिव्हर्सवर खूण करा.

चिखलाचं गणित बघण्यासारखं आहे. ग्रेडियंटच्या मध्यावर ढोबळमानाने दोन्ही रंगांची सरासरी येते. शुद्ध निळा म्हणजे लाल ०, हिरवा ०, निळा २५५. शुद्ध पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. यांची सरासरी काढली तर तिन्ही आकडे १२८ च्या घरात येतात, म्हणजे निव्वळ राखाडी. जरा सौम्य जोडी घेऊ, निळा २०, ३०, ९० आणि पिवळा २५०, २१०, ६०. मधोमध येतो १३५, १२०, ७५. हा रंग करून बघा, खाकी आहे. आणि फोटोतला चेहरा बहुतेक वेळा या मधल्या छटांतच असतो. केसांना निळा मिळाला, कपाळावरच्या चकाकीला पिवळा, आणि गालांच्या वाट्याला खाकी आला. रंगचक्रावर एकमेकांच्या समोरासमोरचे रंग घेतले की हे ठरलेलंच.

दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे मधे तिसरा थांबा घालायचा. ग्रेडियंटच्या पट्टीखाली क्लिक केलं की नवा थांबा येतो. निळा आणि पिवळ्याच्या मधे गुलाबीकडे झुकणारा लाल ठेवा, गाल एकदम जिवंत होतात. काटेकोरपणे पाहिलं तर हे दोन रंग राहिले नाहीत, पण पाहणाऱ्याला निळा आणि पिवळाच आठवतो. दुसरी वाट मला जास्त प्रामाणिक वाटते. रंगचक्रावर जवळ असलेले रंग निवडायचे आणि त्यांच्या उजळपणात मोठं अंतर ठेवायचं. गडद जांभळा आणि फिकट गुलाबी, बाटलीचा हिरवा आणि लिंबोणी पिवळा, गडद तपकिरी आणि मलईचा रंग. यांच्या मधोमध कुठेही थांबलात तरी रंग स्वच्छच राहतो.

आणखी एक करा. ग्रेडियंट मॅपच्या खाली एक कर्व्हजची लेयर (रेषा वाकवून उजळपणा बदलण्याची सोय) घाला आणि रेषेला इंग्रजी एसचा अगदी सौम्य आकार द्या, म्हणजे उजळ आणि गडद यांतलं अंतर वाढतं. ग्रेडियंट मॅप फक्त उजळपणा वाचतो, मूळ फोटो किती रंगीत होता याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. ज्या फोटोची सगळी मजा रंगांत असते, उदाहरणार्थ लाल फुलं आणि हिरवी पानं, तो दोन रंगांत सपाट पडतो. लाल आणि हिरवा राखाडीत जवळजवळ सारखेच उतरतात. अशा फोटोला वर सांगितलेल्या सहा स्लायडरशिवाय गत्यंतर नाही.

प्रश्न : फोटोशॉप परवडत नाही. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये हे जमेल का?

उत्तर : उत्तम जमेल. गिंपमध्ये आधी पुढचा आणि मागचा रंग निवडा, पुढचा गडद आणि मागचा उजळ. ग्रेडियंटांच्या यादीतून ‘फोरग्राउंड टू बॅकग्राउंड’ घ्या. मग कलर्स, मॅप, ग्रेडियंट मॅप. इमेजचा मोड आरजीबीच (लाल, हिरवा, निळा असा पडद्याचा मोड) राहू द्या, कारण ग्रेस्केल मोडमध्ये रंग दिसणारच नाहीत. राखाडी करायला कलर्स, डीसॅच्युरेट, मोनो मिक्सर हा मार्ग घ्या. तिथे लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण तुमच्या हातात असतं. त्वचा लाल चॅनेलमध्ये सर्वांत उजळ आणि निळ्यात सर्वांत गडद असते, निळ्यात डाग आणि दाणेही उठून दिसतात. तेव्हा बाईचा किंवा मुलाचा चेहरा असेल तर लाल वाढवा. उन्हातान्हात राबलेला, रेघारेघांचा म्हातारा चेहरा असेल तर निळ्याला जरा जागा द्या, काय रुबाब येतो बघा. थ्रेशोल्डही कलर्समध्येच आहे. २०२५ मध्ये आलेल्या गिंपच्या ३.० आवृत्तीपासून लावलेले बरेच फिल्टर नंतर उघडून बदलता येतात. जुनी आवृत्ती असेल तर प्रत्येक पायरीआधी लेयरची प्रत करून ठेवा.

क्रिटामध्येही ग्रेडियंट मॅप आहे, तोही फिल्टर लेयर म्हणून लावता येतो. काहीच सोय नसेल आणि फक्त लेयर व ब्लेंड मोड असतील, तरी अडत नाही. राखाडी फोटोवर उजळ रंगाची भरीव लेयर मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवा, पांढरं त्या रंगाचं होईल. त्यावर गडद रंगाची लेयर स्क्रीन मोडमध्ये ठेवा, काळं त्या रंगाचं होईल.

प्रश्न : आमच्या संस्थेचं स्मरणिकेचं मुखपृष्ठ दोनच शाईंत छापायचं आहे. मी ग्रेडियंट मॅप लावून फाइल दिली, तर छापखान्यातून निरोप आला की यात चार रंग आहेत. मला तर दोनच दिसतात!

उत्तर : पडद्यावर दोन दिसणं आणि कागदावर दोन शाया लागणं, यांत फरक आहे. ग्रेडियंट मॅपचं चित्र आरजीबीत असतं. छपाईसाठी त्याचं सीएमवायके, म्हणजे आकाशी, मजेंटा, पिवळा, काळा या चार शायांत रूपांतर, झालं की तुमचा गडद निळा आकाशी, मजेंटा आणि काळ्याच्या ठिपक्यांत वाटला जातो, पिवळ्यातही थोडा मजेंटा मिसळतो. छापखान्याचं म्हणणं रास्त आहे.

तुम्हाला फोटोशॉपचा खरा ड्युओटोन मोड हवा. इमेज, मोड, ग्रेस्केल आणि मग इमेज, मोड, ड्युओटोन. ग्रेस्केल केल्याशिवाय आणि चित्र आठ बिटचं असल्याशिवाय ड्युओटोन उघडत नाही. तिथे दोन शाया निवडायच्या आणि प्रत्येक शाईपुढच्या चौकोनात तिचा कर्व्ह ठरवायचा. गडद शाईचा कर्व्ह सुरुवातीला खाली दाबून ठेवा आणि शेवटी झपकन वर न्या, म्हणजे ती सावल्यांतच राहते. फिकट शाईला मधल्या छटांत उचलून घ्या. दोन्ही शायांना तीच सरळ रेषा दिली तर दोन्ही एकाच जागी सारख्या पडतात आणि चित्र जड, गुदमरलेलं दिसतं.

हा प्रकार निघाला तोच छापखान्याच्या गरजेतून. राखाडी फोटोत २५६ छटा असू शकतात, पण यंत्रावर एका शाईने सुमारे पन्नासच नीट उतरतात. दुसरी शाई आली की छटांची वाढ होते, सावलीला खोली येते. आज आपण त्याकडे नुसता नखरा म्हणून पाहतो, पण जुन्या छायाचित्रांच्या पुस्तकांत काळ्यासोबत उबदार राखाडी शाई वापरलेली असते तेव्हा तो कागद जिवंत वाटतो. भिंग घेऊन जरूर बघा.

छापखान्याला दोन गोष्टी आवर्जून विचारा. एक, दोन शायांच्या ठिपक्यांचे कोन काय ठेवणार. गडद शाई ४५ अंशांवर आणि दुसरी ७५ वर, म्हणजे मधे तीस अंशांचं अंतर, हा नेहमीचा रिवाज. कोन जवळ आले की ठिपक्यांच्या रांगा एकमेकींत अडकून लाटांसारखी जाळी उमटते. दोन, फाइल कशात हवी. ड्युओटोन मोडमधलं चित्र पीएसडी, ईपीएस किंवा पीडीएफमध्ये जातं, जेपीईजीत नाही. शायांची नावं त्यांच्या यादीतल्याप्रमाणे अक्षरश: तीच लिहा, नाहीतर तिसरी प्लेट (छपाईचा साचा, दर शाईला एक) निघते.

मुखपृष्ठ छटांशिवाय, सपाट दोन रंगांचं असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही. पिवळा कागद घ्या आणि एकच गडद निळी शाई छापा. एकच प्लेट, जुळणीची चिंता नाही आणि पिवळा सगळीकडे एकसारखा. फक्त शाई पारदर्शक असते हे ध्यानात ठेवा, पिवळ्यावर निळी शाई हिरवटपणाकडे झुकते. म्हणून जरा जांभळट निळी मागा आणि त्याच कागदावर एक नमुना काढून घ्या.

प्रश्न : लाल आणि हिरव्या रंगांत फोटो केला आहे, त्यावर अक्षरं टाकायची आहेत. मला छान वाटतं, पण मैत्रीण म्हणते डोळ्यांना टोचतं, वाचताच येत नाही. कुणाचं खरं?

उत्तर : मैत्रिणीचं. कारण आकड्यांत सांगता येईल. दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढण्याची एक मान्य पद्धत वेबच्या सुलभता नियमांत आहे. साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ असं ते प्रमाण मागतात. शुद्ध लाल आणि मधला हिरवा, म्हणजे ०, १२८, ०, यांचं गुणोत्तर येतं जेमतेम १.३. डोळ्याला दोन रंग कळतात, पण कडा सापडत नाही, म्हणून ते लुकलुकल्यासारखं वाटतं. ज्यांना लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही त्यांच्यातल्या काहींना तर जवळजवळ कोराच चौकोन दिसेल. वर दिलेल्या सौम्य निळ्या-पिवळ्या जोडीचं गुणोत्तर साडेदहाच्या आसपास आहे, म्हणूनच ती इतकी ठसठशीत दिसते.

लाल-हिरवाच हवा असेल तर हिरवा पार काळसर करा आणि लाल फिकट, गुलाबीकडे न्या. पारख करायला तयार चित्र क्षणभर राखाडी करून बघा. राखाडीत अक्षरं वाचता आली तर रंगातही येतील. आणि अक्षरं चेहऱ्यावर टाकू नका हो. बाजूला मोठा एकरंगी भाग मोकळा सोडा, दोन रंगांच्या चित्रात तो मुद्दाम घडवता येतो.

प्रश्न : पोस्टर माझ्याकडे स्वच्छ दिसतं, पण मोबाइलवर सगळ्यांना पाठवल्यावर कडांभोवती घाण दिसते.

उत्तर : ती जेपीईजीची करणी. तो चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करून दाबतो आणि रंगाची माहिती बहुतेक वेळा आणखी कमी करतो. फोटोत हे लपतं, पण दोन भडक रंग जिथे भेटतात तिथे करडे ठिपके उठतात. सपाट दोन रंगांचं चित्र पीएनजीत ठेवा. रंग थोडेच असल्याने फाइलही लहान होते. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की बरीच ॲप ते पुन्हा जेपीईजी करून टाकतात. भिंतीएवढं मोठं करायचं असेल तर काळ्या-पांढऱ्या अवस्थेतच चित्र इंकस्केप या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या आणि पाथ मेनूतला ‘ट्रेस बिटमॅप’ वापरा. रेषा व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी गणिती आकारांच्या, झाल्या की कितीही वाढवा, कडा फाटत नाहीत. ट्रेस करण्याआधी सुटे, एकटेदुकटे ठिपके पुसून घ्या. तिथल्या ‘स्पेकल्स’चा आकडा वाढवला तरी ते जातात, पण त्यासोबत डोळ्यातला प्रकाशाचा ठिपकाही जातो. तेव्हा हातानेच पुसा.